सही करण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
सप्टेंबर २०२५

चि. ईशान यास
अनेक आशीर्वाद.

आपण त्या कॉलेजप्रवेशाच्या प्रायव्हेट काउन्सेलरचं पॅकेज घेणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहणार नाही. यावर बाबांचं आणि माझं एकमत आहे, जे आपल्या घरात सणासुदीलाही होत नाही. पण ‘अर्ली’, म्हणजे कॉलेजला वेळेआधीचा अर्ज, कुठे करायचं हा प्रश्न अजून उघडा आहे आणि तो तुझा आहे. त्यातला पैशांचा भाग तेवढा आमचा. तो गाडीत ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण मराठी तू सावकाश वाचतोस.

साडेआठ हजार डॉलर ऐकून आई बिथरली, असं तू अन्वीला सांगितलंस म्हणे. बिथरलेच. पण मी दिवसभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरते, पैसे नक्की कशाचे घेतले ते बघायची मला खोड आहे. त्या गृहस्थांनी कॉलेजांची लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांतली यादी काढून दिली, तशी तू स्वतःच एप्रिलमध्ये केली होतीस. मग त्यांनी तुझ्या ॲक्टिव्हिटीजचा कागद पुढे ओढला आणि ताशावर पेनाने आडवी रेघ मारली. ‘असली दहा मुलं दर वर्षी येतात. त्याऐवजी एखादं रिसर्च दाखवू.’ त्या रिसर्चची फी वेगळी, पेपर छापून आणण्याची हमीही त्यातच. तू मान खाली घालून बसला होतास, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही.

सातवीपासून तू पथकात आहेस. जूनच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये सराव, बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या, आणि तू ताशावर उचल दिलीस की मागचे सगळे ढोल एका दमात पडतात. कुणाचा टोल मागे पडतोय ते तुला न बघता कळतं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सामाईक अर्जात, एका ॲक्टिव्हिटीला १५० अक्षरं मिळतात. त्यात हे बसवणं अवघड आहे, हे मला मान्य. पण ते खोडून विकतचा रिसर्च लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आणि असे दहा जण येतात म्हणून ताशा नको, तर विकतचे पेपर घेऊन येणारे किती असतात, ते मला विचारायचं होतं.

सगळेच काउन्सेलर असे असतात असं नाही. या लोकांची १९७६ पासून चालत आलेली एक संघटना आहे, आयईसीए नावाची. मुलं पाठवण्याबद्दल कॉलेजकडून पैसे घेऊ नयेत असा तिचा नियम आहे. ज्या घरात कुणालाच इथली पद्धत माहीत नाही, किंवा जिथे आई-बाप आणि मुलगा एका टेबलावर बसले की भांडण होतं, तिथे तिसरा माणूस उपयोगी पडतो. तारखा सांभाळतो, आठ रीच (मिळणं कठीण) आणि शून्य सेफ्टी (मिळणं जवळपास नक्की) अशी यादी हाणून पाडतो. धंद्याचं दुसरं टोकही तुला ठाऊक आहे. २०१९ मध्ये पकडला गेलेला कॅलिफोर्नियाचा रिक सिंगर काउन्सेलरच होता. मागच्या दाराने जायला फार पैसे लागतात, मी तुम्हाला बाजूच्या दाराने नेतो, अशी त्याची भाषा. खोटे खेळाडू, सॅट या प्रवेशपरीक्षेची उत्तरं दुरुस्त करणारा माणूस. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पंधरा हजार डॉलर देऊन मुलीची उत्तरं दुरुस्त करून घेणाऱ्या त्या अभिनेत्रीला चौदा दिवस. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आपल्या आईला आपल्यावर विश्वास नव्हता, हे तिला बातम्यांतून कळलं असेल.

तुझ्या शाळेतल्या काउन्सेलर बाई फुकट आहेत म्हणून आपण त्यांना कमी लेखतो. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत असं त्यांचीच राष्ट्रीय संघटना सांगते आणि बहुतेक शाळांत त्याहून जास्त असतात, त्यामुळे त्यांना तुझा चेहरा आठवायला वेळ लागेल. पण शाळेचा रिपोर्ट आणि काउन्सेलरचं शिफारसपत्र त्याच पाठवणार. साडेआठ हजार घेणाऱ्याला तो अधिकार नाही. या आठवड्यात त्यांची वेळ घे.

आता अर्लीचं.

आपल्या मंडळाच्या गणपतीत तुला किमान चार मावश्यांनी विचारलं असेल, ‘अर्ली कुठे?’ आणि स्वतःच्या मुलांचं विचारल्यावर त्यांनी मोदकाकडे बघत विषय बदलला असेल. नजर लागते ना! त्यामुळे जो तो अर्धवट ऐकलेल्या माहितीवर चालतो. त्यातली सगळ्यात लाडकी माहिती म्हणजे ‘ईडी (बांधून ठेवणारं अर्ली डिसिजन) केलं की चान्स दुप्पट’. (आजीसमोर नुसतं ईडी म्हणू नकोस, ती घाबरून बातम्या लावेल.)

यात तथ्य आहे. जानेवारीतल्या रेग्युलर फेरीत कॉलेजला जागांपेक्षा बरीच जास्त पत्रं पाठवावी लागतात आणि त्यातले किती येतील याचा अंदाज बांधत बसावं लागतं. अर्ली डिसिजनमध्ये मात्र पत्र पाठवलं की मुलगा आलाच. ती खात्री कॉलेजला हवी असते आणि तिच्या बदल्यात ते थोडं झुकतं माप देतात. पेनसारखं (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठ वर्षानुवर्षं जवळपास अर्धा वर्ग ईडीतूनच भरत आलंय. हार्वर्डच्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वी अर्ज तपासून दाखवलं होतं की अर्ली अर्ज करणं म्हणजे सॅटमध्ये शंभर गुण वाढल्यासारखं आहे.

पण अर्लीच्या टक्केवारीत कोण कोण मिसळलेलं असतं तेही बघ. खेळासाठी आधीच निवडलेली मुलं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांची मुलं. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यातली आकडेवारी अभ्यासकांनी मांडली तेव्हा कळलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतली होती. तू यातल्या कुठल्याच रांगेत नाहीस. तेव्हा दुप्पट वगैरे आकडा तुला जसाच्या तसा लागू नाही. आणि ही पद्धत सुस्थितीतल्या मुलांच्या फायद्याची आहे, हे कॉलेजांनाही माहीत आहे. तेच कारण देऊन हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये अर्ली बंद करत असल्याचं जाहीर केलं. बाकीचे कुणी फारसे मागे आले नाहीत, म्हणून २०११ मध्ये दोघांनीही ते परत आणलं.

त्या गृहस्थांचं म्हणणं आठवतं? कॉर्नेलला ईडी करू नका, तिथे तुमच्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांची गर्दी. ईडी-वन अमुक ठिकाणी टाका, तिथे ‘ऑड्स’ बरे आहेत. नाही झालं तर जानेवारीत ईडी-टू तमुक ठिकाणी. मला ते ‘टाका’ टोचलं. ज्या अमुक ठिकाणाचं नाव तू त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलंस, तिथे तू ‘घेतलंत तर नक्की येतो’ असं लिहून द्यायचं. त्या कागदावर तीन सह्या लागतात: तुझी, आमच्यापैकी एकाची आणि शाळेतल्या काउन्सेलर बाईंची. करार मोडला तर कोणी कोर्टात खेचत नाही, पण बाईंची सही आहे आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतली दुसरी मुलं तिथे अर्ज करणार आहेत. डिसेंबरच्या मध्याला होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. इतरांनी काय दिलं असतं ते तुला कधीच कळणार नाही.

इथे माझा पैशांचा भाग येतो. ईडी म्हणजे भाव कळायच्या आत दिलेला विसार. पुरेशी मदत मिळाली नाही तर करारातून सुटता येतं, हे खरं आहे, कॉमन ॲपच्या त्या कागदावरच तसं लिहिलंय. पण त्या वेळी हातात एकच ऑफर असते. एप्रिलमध्ये तीन पत्रं समोर असली तर आपण एकाला फोन करून म्हणू शकतो की दुसरा इतकं देतोय, तुम्ही परत बघता का. डिसेंबरमध्ये कुणाचं नाव घेणार?

अशा खाजगी कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट छापील खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर गेलाय. त्याला चारने गुण, आणि अन्वी आता आठवीत आहे हे लक्षात ठेव. न्यू जर्सीच्या सरकारी रटगर्सला आपल्याला राज्यातल्यांचा दर लागतो, तो याच्या निम्म्याहून कमी. मात्र छापील आकडा सगळेच भरतात असं नाही. २०११ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती पडेल त्याचा अंदाज देणारा गणक, ठेवावा लागतो, तसा कायदाच आहे. मी गेल्या आठवड्यात रात्री बसून काही भरून पाहिले आणि माझी झोप उडाली, कारण तीच मिळकत, तेच घर, तरी प्रत्येकाचं उत्तर निराळं.

सगळ्यात मोठी गोम घराची. हे घर आपण घेतलं तेव्हाचा भाव आणि आजचा भाव बघितला तर कागदावर आपण श्रीमंत आहोत. राहतो त्या घराची किंमत फाफ्सा हा मदतीचा सरकारी फॉर्म विचारत नाही, बरीच खाजगी कॉलेजं मागतात तो सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म विचारतो. मग त्या किमतीचं काय करायचं हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. प्रिन्स्टन ती धरत नाही. पेननेही मागच्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की यापुढे धरणार नाही. इतर काही ठिकाणी धरतात, आणि मग त्यांच्या मते आपण स्वयंपाकघर विकून तुझी फी भरू शकतो.

प्रिन्स्टनचं नाव काढलं की तू डोळे फिरवतोस, तरी काढते. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना ट्यूशन माफ, असं त्यांनी गेल्याच महिन्यात जाहीर केलंय, आणि मदत देतात ती कर्ज म्हणून नव्हे. म्हणजे ज्याच्या नावाने माणूस दबकतो ते प्रिन्स्टन काही घरांना रटगर्सपेक्षा स्वस्त पडतं. शिवाय त्यांचं अर्ली बांधून ठेवत नाही. होकार आला तरी मेच्या एक तारखेपर्यंत विचार करता येतो. अट एवढीच की त्या वेळी दुसऱ्या खाजगी कॉलेजला अर्ली करायचं नाही. रटगर्स सरकारी, म्हणून ते चालतं. तुझी अडचण मला माहीत आहे: घरापासून अर्ध्या तासावर आणि आई डबा घेऊन येईल. येईन.

आणि कॉर्नेल. चार तास गाडी चालवून इथाकाला गेलो होतो, तेव्हा त्या दरीवरच्या झुलत्या पुलावर तू किती वेळ उभा होतास. बाबा खाली बघायला तयार नव्हते, आणि तू लोखंडी दोर कुठे कसे बांधलेत ते अन्वीला समजावत होतास. परतताना बिंगहॅम्टनपर्यंत तू फोन काढला नाहीस. टूर आपण बऱ्याच केल्या, असं दुसरीकडे कुठेही झालं नाही. म्हणून मला वाटतं, आकडा जमला तर कॉर्नेलला ईडी करायला माझी हरकत नाही, गर्दी असो वा नसो. तिथून नकार आला तर तो तुला हवा होता त्या जागेचा नकार असेल. ‘ऑड्स’ बघून निवडलेल्या जागेतून नकार आला तर त्याचं दुःखही धड करता येणार नाही, आणि होकार आला तर पंचाईत आणखी मोठी. ईडी-टूला मात्र माझा विरोध आहे. दोन महिन्यांत दोन कॉलेजांना ‘तुमच्याशिवाय कुठे जाणार नाही’ असं लिहून द्यायचं, हे मला जमत नाही. बाबांना जमतं. त्यांच्याशी तू बोल.

आकडा जमला नाही तर प्रिन्स्टन आणि रटगर्स, नाहीतर नुसतं रटगर्स अर्ली आणि बाकी सगळं जानेवारीत, कॉर्नेलसुद्धा. त्यात मला काहीही कमी वाटत नाही. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. सॅटचे गुण सारखे असूनही वरच्या १ टक्का श्रीमंतांच्या मुलांना आयव्ही लीगसारख्या मोजक्या कॉलेजांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. पण तिथे गेल्यामुळे सरासरी कमाई काही वाढत नाही. अगदी शिखरावर पोचण्याची शक्यता वाढते. तुला शिखर हवं असेल तर तसं सांग, मी हसणार नाही.

निबंधाबद्दल एकच. साडेसहाशे शब्दांत तू मला दाखवलास तो पहिला मसुदा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तुझा होता. नंतर कुणीतरी पन्नाशीचा माणूस ‘लीडरशिप’वर बोलायला लागला. तो कापून टाक. इंग्रजी तपासायला तुझ्या इंग्रजीच्या बाई आहेत, मी स्पेलिंगपलीकडे हात लावणार नाही.

रविवारी पथकाचा सराव झाला की जेवून बसू. बाबांनी टॅक्सचे कागद, १०४० आणि दोघांचे डब्ल्यू-टू, काढून ठेवलेत, घराच्या कर्जाचं स्टेटमेंट मी काढते. तू कॉर्नेल, प्रिन्स्टन आणि रटगर्स, तिन्हींचे कॅल्क्युलेटर उघडून ठेव. अर्लीची शेवटची तारीख, एक नोव्हेंबर, शनिवारी आहे, पण आपण त्या रात्री बारा वाजता सर्व्हरशी झटापट करणाऱ्यांत नसायचं.

तुझी
आई

ता. क. फिजिक्सच्या सरांना शिफारसपत्रासाठी अजून विचारलेलं नाहीस, हे मला तुझ्या मित्राच्या आईकडून कळलं. उद्या विचार. ईमेल नको, समोर जाऊन.