हरला तर हरला, पण पळा तरी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा आमच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची मॅच बघितली आणि तेव्हापासून डोकं काय शांत होईना, म्हणून हे पत्र. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोल्हापुरात ज्याला कळायचं त्याला कळतंच आणि माझा राग कॉलेजवर नाही, कॉलेजचा टीशर्ट घालून मैदानात उभं राहणाऱ्यांवर आणि त्यांना उभं करणाऱ्यांवर आहे. ४-० ने हरलो. हरल्याचं वाईट वाटतंच, पण नुसत्या हरण्यासाठी कोण पत्र लिहितंय, हरणं-जिंकणं चालायचंच.

समोरची टीम गडहिंग्लजकडची होती. तिकडं फुटबॉल किती मुरलाय हे वेगळं सांगायला नको, दिवाळीत तिथं स्पर्धा भरते तेव्हा अख्खं गाव ग्राउंडवर असतं. त्या पोरांचं किट साधं होतं, दोघा-तिघांचे बूट बघवत नव्हते, पण बॉल गेला की तिघं त्याच्या मागं. आमच्यातल्या निम्म्या जणांचे बूट महागडे, केस सेट केलेले आणि बॉल गेला की कमरेवर हात. दुसरा गोल कसा झाला ते सांगतो. आमच्या लेफ्ट बॅकनं हाफ लाईनजवळ बॉल घालवला, फाऊल मागत दोन्ही हात वर केले, रेफ्रीनं दिला नाही, तर हा गडी परत फिरायचं सोडून तिथंच वाकून सॉक्स वर ओढत बसला आणि त्याच्याच मोकळ्या जागेतनं त्यांचा विंगर सरळ आत घुसला, आमचा गोलकिपर एकटा पुढं, करणार काय तो? त्या गोलकिपरबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही, चार खाल्ले पण पोरगं शेवटपर्यंत अंगावर घेत होतं, गुडघा फुटला होता तरी बाहेर आलं नाही. बाकीच्यांनी त्याच्या निम्मं जरी केलं असतं तरी आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

हे उगाच म्हणत नाही. २०१७ ला आपल्या देशात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारत तिन्ही मॅच हरला, अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. म्हणजे परवा आमचा जो स्कोअर झाला तोच. पण त्या पोरांना कुणी नावं ठेवली का? कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला आपल्या जिक्सन सिंगनं हेडरनं बरोबरी केली तेव्हा लोक नाचायला लागले होते, पुढच्याच मिनिटाला परत गोल खाल्ला तरी कुणी शिवी दिली नाही, कारण पोरं जीव तोडून पळत होती हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल कळतो हो. शाहू स्टेडियमवर भर उन्हात कट्ट्यावर बसून तीन-तीन पिढ्यांनी मॅच बघितल्यात, कोण दमलाय आणि कोण पाय वाचवतोय हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

आणि पाय वाचवणं हेच खरं दुखणं आहे. टीममधली बरीच पोरं तालमींकडून, म्हणजे इथल्या पेठांतल्या फुटबॉल क्लबांकडून खेळतात, त्याला माझी अजिबात हरकत नाही. पाटाकडील असू दे, दिलबहार, शिवाजी, खंडोबा नाहीतर प्रॅक्टिस क्लब, कुठलीही असू दे, तालमी होत्या म्हणून कोल्हापुरात फुटबॉल टिकला. पण तालमीचा सीझन तोंडावर आलेला असतो, तिथं नाव आहे, गर्दी आहे, चार पैसेपण आहेत, त्यामुळं कॉलेजच्या मॅचला दुखापत नको म्हणून ही पोरं निम्म्या जोरात खेळतात. मग कॉलेजकडून खेळता कशाला? सर्टिफिकेटसाठी. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी चांगला खेळ पाहिजेच आणि विद्यापीठाच्या टीममधून पुढं जायची वाट या स्पर्धेतूनच जाते, यात चूक काही नाही, गरिबाच्या पोराला त्याचा आधारच आहे. पण मग त्या कागदाची किंमत मैदानावर मोजा की! कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांतली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली येतात, लांबलांबच्या तालुक्यातली पोरं पहाटेची एसटी पकडून मॅचला येतात आणि आमची पोरं घरापासून दहा मिनिटांवरच्या ग्राउंडवर चालत फिरतात, हे बघवत नाही.

आता बेंचचं सांगतो, कारण माझा जास्त संताप तिथला आहे. मैदानात कमी पडला तर एक वेळ समजू शकतो, समोरचा भारी असेल, दम नसेल. पण बाहेर बसून तोंड आवरायला कुठला दम लागतो? पहिल्या गोलनंतर आमच्या बेंचवरनं लाईनमनला आईवरनं शिव्या सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. तो गोल ऑफसाईड नव्हताच, आम्ही लाईनीतच उभे होतो, स्पष्ट दिसत होतं. दोन सबस्टिट्यूट पायात चपला घालून बसलेले, म्हणजे बोलावलं तर आत जायची तयारीच नाही. एकजण मोबाईलवर रील करतोय आणि त्यात आपल्याच गोलकिपरला हसतोय. तिसऱ्या गोलनंतर एका फॉरवर्डला बाहेर घेतलं तर त्यानं जर्सी काढून बेंचसमोर मातीत फेकली आणि कुणाशी न बोलता गाडीला किक मारून निघून गेला, मॅच अजून चालू होती. ती जर्सी पडली ती तशीच पडली, शेवटी समोरच्या टीमच्या एका पोरानं उचलून खुर्चीवर ठेवली. साहेब, ते बघताना अंगाचा तिळपापड झाला, कारण त्या जर्सीवर छातीवर कॉलेजचं बोधचिन्ह असतं आणि आमच्या वेळी ती घालायला मिळावी म्हणून पोरं वर्षभर झटायची.

या सगळ्यात जबाबदार शिक्षक कुठं होते म्हणाल तर मागं झाडाखाली फोनवर. बेंचला आवरणारं कुणीच नाही. खेळाचा नियम काय सांगतो बघा. टेक्निकल एरियातून, म्हणजे बेंचजवळच्या ठरवून दिलेल्या जागेतून, एका वेळी एकाच माणसानं सूचना द्यायच्या असतात. बेंचवरचा राखीव खेळाडूसुद्धा रेफ्रीच्या हाताखालीच असतो, बाहेर बसून शिवी दिली तरी त्याला रेड कार्ड मिळू शकतं. २०१९ पासून तर कोच, मॅनेजर यांनाही कार्ड दाखवता येतं आणि बेंचवरनं नेमकं कोण बोललं ते कळलं नाही तर ते कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य कोचच्या नावावर जातं. म्हणजे नियम करणाऱ्यांनीसुद्धा ओळखलंय की बेंच बिघडतो तो मोठ्यांमुळं. २०२४ च्या युरो कपमध्ये रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं असं ठरवलं होतं, रोनाल्डो-एम्बाप्पेचे फोटो डीपीला लावणाऱ्यांनी हेपण घ्यावं की त्यांच्याकडनं. आमच्याकडं एक फाऊल दिला की सात जण रेफ्रीला घेराव घालतात आणि त्यातला कॅप्टन कोण ते ओळखू येत नाही.

रेफ्री म्हणजे काय परका माणूस नाही. आपल्यातलाच कुणी जुना खेळाडू, थोड्याशा मानधनावर दिवसभर उन्हात पळतो. त्याला बारक्या पोरांनी अशा शिव्या घालायच्या, मग उद्या नवीन कोण शिट्टी हातात धरेल? शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचला पोलीस बंदोबस्त लावावा लागतो ही कोल्हापूरच्या फुटबॉलला लागलेली कीड आहेच, पण ती समर्थकांची ईर्ष्या म्हणून आपण पोटात घालतो. कॉलेजच्या मॅचला बघणारे पाच-पन्नास, ना पेठेचा वाद ना जुनं वैर, तिथंपण हेच चालू झालं तर ही पोरं पुढं तालमीच्या बेंचवर बसून काय दिवे लावणार? तिथं फर्स्ट इयरच्या काही मुलीपण मॅच बघायला आल्या होत्या, कॉलेजच्या नावानं ओरडत होत्या. हाफ टाईमनंतर दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण थांबलो नसतो.

माझं प्राचार्यांना आणि जिमखान्याला एवढंच सांगणं आहे की स्पर्धेच्या तोंडावर तालमींची नावं बघून टीम गोळा करू नका. पावसाळा संपायच्या आत निवड करा, जो प्रॅक्टिसला येईल तोच खेळेल असं सांगा, मग स्टार खेळाडू बाहेर बसला तरी चालेल, साध्या पोरांची टीम चारनं हरेल नाहीतर सहानं हरेल पण पळेल तरी. मॅच अर्धवट टाकून जाणाऱ्याला पुढच्या मॅचला घेऊ नका, मग तो कितीही गोल मारणारा असू दे. आणि जबाबदार शिक्षकांनी कृपा करून बेंचवर बसावं, झाडाखाली नाही. तुमच्या पेपरलाही एक विनंती, क्रीडा पानावर ‘एकतर्फी विजय’ आणि गोल मारणाऱ्याचं नाव एवढंच छापून येतं, कुणाला किती कार्ड मिळाली, बेंचवरनं कुणाला बाहेर काढलं तेपण छापत जा, दोनदा पेपरात आलं की घरचेच कान धरतील.

आम्ही जुनी चार-पाच पोरं, म्हणजे आता पोरं कसली, पण संध्याकाळी सहानंतर ग्राउंडवर यायला तयार आहोत. पैसे नकोत, बॉल आमचे आम्ही आणू, फक्त कॉलेजनं परवानगी द्यावी आणि ग्राउंडच्या गेटचं कुलूप उघडं ठेवावं.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि माजी खेळाडू,
शिवाजी पेठ, कोल्हापूर