प्रत्यारोपणाचे शिक्षण दात्याच्या टेबलापासून

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अवयवदानाचे आवाहन करणारा मजकूर आपण नेमाने छापता. परंतु दान मिळालेला अवयव काढणारे आणि जोडणारे हात कसे तयार होतात, याची चर्चा क्वचितच होते.

काढलेले हृदय थंड ठेवूनही साधारण ४ ते ६ तासच टिकते. यकृताला त्याहून अधिक आणि मूत्रपिंडाला २४ तास किंवा थोडा जास्त अवधी मिळतो. घड्याळ असे मानगुटीवर बसलेले असताना वरिष्ठ सर्जन जोडणी स्वतःच करतात आणि निवासी डॉक्टर रिट्रॅक्टर, म्हणजे छेद उघडा ठेवणारे हत्यार, धरून उभा राहतो. यात वरिष्ठांचा दोष नाही. रोहिणी जोडताना एक टाका चुकला, तरी गुठळी होऊन अवयव गमवावा लागू शकतो.

म्हणूनच शिकवण्याची खरी जागा त्याआधी आहे, असे मला वाटते. मेंदूमृत दात्याचे अवयव काढताना छातीपासून ओटीपोटापर्यंतची रचना जशी उघडी दिसते, तशी एरवी दिसत नाही. यकृताच्या उजव्या भागाची रोहिणी काही जणांत नेहमीच्या वाटेने न येता आतड्याच्या मुख्य रोहिणीतून निघते. हे वाचून विसरता येते. पण यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेच्या (पोर्टल व्हेनच्या) मागे बोट घालून त्या रोहिणीचे स्पंदन एकदा जाणवले, की विसरणे कठीण. पुढे बर्फाळ द्रावणातले मूत्रपिंड साफ करतानाही तसेच. मूत्रवाहिनीभोवतीची चरबी उत्साहाच्या भरात पार खरवडून काढली, तर मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रत्यारोपणानंतर लघवी गळू लागते. चूक इथेही महागच पडते, म्हणून समोर वरिष्ठ हवेतच. मात्र सुरी काही वेळ विद्यार्थ्याच्या हाती असावी. टाक्यांचा सराव तर त्याने आधीच करून यावा. रक्तवाहिन्या जोडण्याच्या तंत्रासाठी १९१२ चे नोबेल मिळवणारे अॅलेक्सिस कॅरेल बारीक टाके घालायला भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकले होते. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

यातले बहुतेक विद्यार्थी प्रत्यारोपण सर्जन होणार नाहीत, हे खरे. तरीही फुटलेले यकृत किंवा तुटलेली रोहिणी समोर आली, की हेच शिक्षण त्यांच्या उपयोगी पडेल.

तेव्हा अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेतला सहभाग अभ्यासक्रमात सक्तीचा व्हावा आणि लॉगबुकात केवळ ‘साहाय्य केले’ असे न लिहिता कोणती पायरी स्वतः केली, याची नोंद असावी. रात्रभर त्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या निवासी डॉक्टरला सकाळी पुन्हा बाह्यरुग्ण विभागात बसवू नये. नाहीतर पुढच्या वेळी तो फोनच उचलणार नाही.

आपला,
शल्यचिकित्सेचा एक निवृत्त शिक्षक