तुझ्या निवेदनावर सही करत नाही, वासू

प्रिय वासू,

सप्रेम नमस्कार. निवेदनाची प्रत मिळाली. भाषा तुझीच आहे हे पहिल्याच ओळीत कळलं; ‘सदर गल्लीमुळे परिसराच्या नैतिक स्वास्थ्यास बाधा पोहोचत असून’ असं एका दमात लिहायला मुख्याध्यापिकाच लागते. पण सही मी करत नाहीये. फोनवर सांगायला गेले असते तर दोन मिनिटांत तू माझं तोंड बंद केलं असतंस, शाळेपासूनचा अनुभव आहे. म्हणून लिहिते. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

तुमची मागणी अशी की गल्लीत वेश्याव्यवसाय चालतो आणि शाळा दोनशे मीटरच्या आत आहे, सबब पिटा कायद्याच्या, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, कलम ७ खाली गल्ली बंद करावी. कलम अचूक काढलंय, कुणा वकिलाला विचारलंस वाटतं, आणि मला नाही विचारलंस हे लक्षात ठेवते. शाळा, देऊळ-मशीद, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा धंदा केला तर बाई आणि गिऱ्हाईक दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. आता आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेठेत दोनशे मीटरवर एकही देऊळ नाही अशी जागा मला दाखव. पुण्याची बुधवार पेठ घे. तिथल्या गल्ल्यांतून चालत निघालीस तर दगडूशेठला पोहोचेपर्यंत चप्पलसुद्धा गरम होत नाही. म्हणजे कायद्याने ती वस्ती रोजच गुन्हेगार. कारवाई मात्र रोज होत नाही. कुणाला वाटेल तेव्हा होते, आणि तसं न वाटण्याचा एक दर ठरलेला असतो. हप्ता म्हणतात तो हाच. तुमच्या निवेदनाने गल्ली हलेल की नाही देव जाणे, दर नक्की वाढेल.

आणि गल्ली बंद झाली तर? नागपूरची गंगा-जमुना पोलिसांनी ऑगस्ट २०२१ मध्ये हेच दोनशे मीटरचं कलम पुढे करून सील केली, तोंडाला बॅरिकेड लावले. कित्येक पिढ्यांची वस्ती ती. बायका रस्त्यावर आंदोलनाला बसल्या. गोव्यात बायण्याच्या किनाऱ्यावरची वस्ती २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसात, बुलडोझर लावून पाडली. धंदा संपला का? लॉजवर गेला, हायवेला गेला. वस्तीत निदान शेजारीण ओरडली तर ऐकू येतं, आरोग्य तपासणीवाल्या ताईंना दार माहीत असतं. हायवेच्या लॉजवर बाईचं काही बरंवाईट झालं तर सकाळी साफसफाईवाला पोरगा येईपर्यंत कुणाला पत्ता नाही.

तुला वाटत असेल, धंदा मुळात बेकायदेशीरच आहे. बऱ्याच वकिलांनाही तसंच वाटतं. १९५६ चा कायदा आहे, १९८६ मध्ये त्याचं नाव आणि काही कलमं बदलली. ते दोनशे मीटरचं कलम सोडलं तर सज्ञान बाईने स्वतःच्या खोलीत, एकटीने पैसे घेणं हा त्यात गुन्हा कुठेच नाही. पण तिच्या आजूबाजूचं सगळं गुन्हा. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून दोघी एकत्र राहिल्या की ती जागा ‘कुंटणखाना’ ठरते. ‘दोन किंवा अधिक जणींच्या परस्पर लाभासाठी’ असे शब्दच व्याख्येत आहेत. चालवणाऱ्याला किमान एक वर्ष सक्तमजुरी. मालकालाही माहीत असून जागा दिली म्हणून शिक्षा, म्हणून तो भाडेपावती देत नाही आणि भाडं मात्र तिप्पट घेतो. दारात उभं राहून गिऱ्हाईकाला खूण केली तर कलम ८: बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात पुरुष सापडला तर जास्तीत जास्त तीन महिने! हे वाचून तू चष्मा काढून पुसणार हे मला इथून दिसतंय.

आता एक प्रकरण सांगते, माझ्या हातातलं. कायदेसेवेतर्फे माझ्याकडे आलं होतं. बाईचं नाव तारा म्हणू, खरं सांगणार नाही. तिशी ओलांडलेली. नवऱ्याने सोडल्यावर आधी चार घरची भांडी केली, मग केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटल्या, मग हे. लॉजवर धाड पडली. धाडीची रीत ठरलेली असते: बनावट गिऱ्हाईक आत पाठवायचं, त्याच्याकडच्या पाचशेच्या नोटांचे नंबर आधीच टिपून ठेवायचे, इशारा आला की पंचांना घेऊन वर जायचं. पंचनाम्यात मोबाईल, नोटा आणि ‘निरोधची पाकिटे’. कोर्टात चौघी ओढण्यांनी तोंडं बांधून भिंतीला टेकून उभ्या. शिपायाने पुकारा केला, “पीडित क्रमांक तीन!” तारा म्हणजे क्रमांक तीन. आरोपी कोण, तर लॉजचा मॅनेजर. त्याला आठवड्यात जामीन झाला. क्रमांक तीनची रवानगी सुधारगृहात.

मी तिला भेटायला गेले तर तिने केसचं काही विचारलंच नाही. म्हणाली, “मॅडम, माझ्या भिशीचं काय?” या महिन्यात तिचा नंबर होता, त्यातून पोराच्या डिप्लोमाची फी जायची होती. पोरगा दुसऱ्या गावी होस्टेलवर; आई हॉस्पिटलात आयाचं काम करते असं त्याला ठाऊक. चार दिवस आईचा फोन लागत नाही म्हणून तो हवालदिल. मोबाईल मुद्देमालात जमा.

जामीन मागावा तर तो आरोपीला असतो, आणि ही आरोपी नाही, पीडित. कलम १७ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने चौकशी करायची, तोवर तीन आठवड्यांपर्यंत आत ठेवायचं, आणि वाटलं तर पुढे एक ते तीन वर्षं सुधारगृहात पाठवायचं. तिला वर्ष मिळालं. वडील किंवा भाऊ ताब्यात घ्यायला आले तर विचार करू, असं तोंडी सांगण्यात आलं. सज्ञान, मतदान करणारी, एका पोराला वाढवणारी बाई, आणि तिला सोडवायला पालक हवा! भावाला मी स्वतः फोन केला. गावच्या घराचा स्लॅब तिच्या पैशाने पडलाय. तो म्हणाला, “वकीलबाई, मला गावात तोंड दाखवायचंय हो,” आणि फोन ठेवला.

अपिलात सत्र न्यायालयाने तिला सोडलं. तोवर खोली दुसरीला गेली होती, डिपॉझिट बुडालं, भिशीचा नंबर पुढे सरकला आणि पोराचं सेमिस्टर हुकलं. तिने सावकाराकडून पैसे काढले आणि ते फेडायला आता पूर्वीपेक्षा जास्त गिऱ्हाईकं घ्यावी लागतात. या सगळ्याला आपल्या फायलींत ‘सुटका’ म्हणतात.

अजून एक राहिलं. त्या पोराला अठरा पूर्ण झाली आहेत. कलम ४ म्हणतं, अठरा वर्षांवरील कोणीही वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. कलम दलालांसाठी लिहिलंय, मान्य. पण त्यात मुलगा, म्हातारी आई, यांना सूट कुठेच नाही. खरं कळलं की आईच्या पैशाने फी भरणारा पोरगा गुन्हेगार.

सगळे न्यायाधीश सारखे नसतात, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या धाडीतल्या तीन तरुणींना सोडताना स्पष्ट लिहिलं की या कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. खालच्या कोर्टात काय झालं होतं, तर त्या ज्या समाजातल्या आहेत त्यात ही प्रथाच आहे, आईबापांकडे देऊन उपयोग नाही, म्हणून उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात धाडा. म्हणजे जातीवरून शिक्षा.

आणि मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश. तू तेव्हा मला पेपरचं कात्रण पाठवलं होतंस, ‘आता सगळं कायदेशीर झालं, कुठे चाललाय देश’ असं लिहून. तसं काही झालं नाही ग. मूळ प्रकरण कोलकात्यातल्या एका बाईच्या खुनाचं, १९९९ मधलं. २०११ मध्ये आरोपीचं अपील फेटाळलं आणि कोर्टाने आपणहून विषय पुढे नेला, समिती नेमली. समितीच्या दहा शिफारशी २०२२ च्या आदेशात आल्या. त्यांतल्या सहा पाळा, असा हुकूम झाला: अत्याचार झाला तर तिला ताबडतोब वैद्यकीय मदत द्या, सुधारगृहांत मर्जीविरुद्ध कोण कोण अडकलंय ते तपासा, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका, माध्यमांनी चेहरे दाखवू नयेत, असं. शिवाय पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड. पण ‘सज्ञान बाई स्वखुशीने करत असेल तर पोलिसांनी फौजदारी कारवाई करू नये’, ‘धाडीत बाईला अटक किंवा दंड नको’, ‘आईपासून मूल तोडू नये’ या शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली आणि त्या सहांत त्या नाहीत. मथळे मात्र त्यांचेच झाले. ताराच्या पंचनाम्यातली निरोधची पाकिटं त्या आदेशानंतरची आहेत, हे जाता जाता.

मग तू म्हणशील, लायसन द्या एकदाचं, नोंदणी करा, गावाबाहेर जागा द्या. मला तेही नको. जर्मनीने २०१७ पासून नोंदणीची सक्ती केली. नाव सरकारी कागदावर नको म्हणून पुष्कळ जणी नोंदणीबाहेरच राहिल्या, म्हणजे पुन्हा बेकायदेशीर. आपल्याकडे तर ते कार्ड कुणाकुणाच्या मोबाईलवर फिरेल याची कल्पनाच कर. मला हवंय ते न्यूझीलंडने २००३ मध्ये केलं. संसदेत ६० विरुद्ध ५९, एका मताने कायदा झाला. सज्ञान बाईच्या मागचा फौजदारी कायदा काढून घेतला. चार जणींपर्यंत मिळून एका घरात काम करू शकतात, कुणी वर मालक नाही, परवाना नाही. चारपेक्षा जास्त झाल्या, कुणी चालवणारा आला, की त्याला प्रमाणपत्र लागतं. गिऱ्हाईकाला कुठल्याही क्षणी नाही म्हणायचा हक्क कायद्यात लिहिलाय. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा लावला आणि पंचवीस हजार डॉलर भरपाई मिळवली. कुंटणखान्यातली बाई, कामाच्या ठिकाणी छळ झाला म्हणून दावा लावते! माझ्या तारेला सांगितलं तर ती हसली नुसती. तिथेही सगळं छान नाही; तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी बायकांना हे काम करायला बंदी आहे, म्हणजे त्यांच्यापुरता जुनाच धाक शिल्लक आहे.

तुझा सगळ्यात खरा मुद्दा अल्पवयीन मुलींचा, आणि त्यावर आपलं भांडणच नाही. पोक्सो आहे, मानवी तस्करीचं कलम आहे, दोन्ही कडक आहेत, एक अक्षर कमी करू नका. पण गल्लीत नवी पोर आणली हे पहिल्यांदा कुणाला कळतं? पोलिसांना? समोरच्या खोलीतल्या बाईला कळतं. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत, या धंद्यातल्या बायकांच्याच दुर्बार समितीने स्वतःची मंडळं केली, नव्या आलेल्या मुलीचं वय आणि मर्जी त्याच तपासतात. आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून आहे, तिथल्याही बायका वस्तीवर अशीच नजर ठेवतात. पण साध्या गल्लीतली एकटी बाई ठाण्यात जाऊन सांगेल कशी? सांगितलं तर पहिला प्रश्न, ‘तू तिथे काय करत होतीस?’

दारुडे, शाळा सुटायच्या वेळी लावलेल्या मोटारसायकली, मुलींना मारलेल्या शिट्ट्या, हा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण तो करणारे पुरुष आहेत. त्यांच्यासाठी तुमच्या निवेदनात एक वाक्य नाही, मी दोनदा वाचलं.

म्हणून माझा मसुदा असा. शाळा भरताना आणि सुटताना पोलीस गस्त हवी, शिट्ट्या मारणाऱ्यावर छेडछाडीचे गुन्हे हवेत. गल्लीच्या तोंडाशी दिवा हवा, गटार झाकलेलं हवं. तुमच्या नगरसेवकाने दोन निवडणुकांपूर्वी कबूल केलंय ते. आणि गल्लीतल्या मुलांना तुझ्या शाळेत कागदपत्रांवाचून प्रवेश. बापाचं नाव विचारून परत पाठवलेली दोन मुलं तुलाच माहीत आहेत, तूच मला सांगितलं होतंस. यावर सही करते, शिक्क्यासकट.

दुसरी गोष्ट त्याहून तुझ्या कामाची. कलम १७ मध्येच लिहिलंय की मॅजिस्ट्रेट चौकशीच्या वेळी मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं पॅनेल बोलावू शकतात आणि शक्यतो त्यात तीन बायका असाव्यात. समाजकार्याचा अनुभव असलेल्या बायकांची यादी ठेवण्याचीही तरतूद आहे. तारेच्या वेळी असं कुठलंच पॅनेल नव्हतं. तिचं म्हणणं जेमतेम पाच मिनिटं ऐकलं गेलं. तू निवृत्त आहेस, आवाज आहे, न्यायाधीशांनाही ‘बस खाली’ म्हणायची ताकद आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज दे. मसुदा मी करून पाठवते, तुझा आधार आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स तेवढी लागेल. पॅनेलवर बसून समोरची बाई काय सांगते ते ऐक, आणि त्यानंतरही गल्ली बंद करायची असेल तर मला शिव्या घाल.

रागावलीस तर कळव, नाही रागावलीस तर जास्त लवकर कळव. माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? भाऊजींना नमस्कार. दिवाळीत मी चार दिवस येणार आहे, अनारसे तूच कर, माझे फसतात.

तुझी,
मंदा