टेबलवरच्या काकूंना, जाहीर आभार

प्रिय काकू,
सा. न.

सगळ्यांसमोर लिहितेय म्हणून आधीच रागावू नका. सत्काराचं नाव काढलं की "शाली ठेवायला कपाट कुठंय माझ्याकडं" म्हणून तुम्ही विषय उडवता, आणि आता तर मुलाकडं पिंपरीला जाऊन बसलात. मग आम्ही करायचं काय? सोलापुरात शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या पोरींना टेबलवरच्या काकू, म्हणजे कोर्टशेजारी टेबलवर बसून मॅचचे गुण लिहिणाऱ्या तुम्ही, माहीत असतात. पेपरात मात्र जिंकलेल्या संघाचं नाव येतं, प्रमुख पाहुण्यांचं येतं, स्कोअररचं कधी येत नाही.

अकरावीत माझा गुडघा गेला. लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळ उडी मारून चेंडू टाकायचा शॉट, घेऊन खाली आले आणि पाय वळला, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं. मुलींमध्ये हे लिगामेंट मुलांपेक्षा जास्त तुटतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा घरात येणारा-जाणारा "मुलीच्या जातीला कशाला पाहिजेत असले खेळ" एवढंच ऐकवून चहा पिऊन जायचा. संघाच्या यादीतून माझं नाव गेलं, तेही मला दुसऱ्याकडून कळलं. तुम्ही आलात ते एक लाल पेन, एक निळं पेन आणि कोऱ्या स्कोअरशीटचा गठ्ठा घेऊन. "पाय बरा व्हायचा तेव्हा होईल. हात धड आहे की नाही? शनिवारी टेबलला माणूस कमी पडतंय." तब्येतीची चौकशी तुम्ही केलीच नाहीत. तेवढं एक बरं वाटलं होतं त्या महिन्यात.

तुम्ही स्वतः कधी खेळला नव्हता. काका रेल्वेकडून खेळायचे, तुम्ही क्वार्टर्समधून डबा घेऊन यायचात, आणि एकदा स्कोअरर आलाच नाही म्हणून कुणीतरी तुम्हाला बसवलं, ते बसवलंच. पण तुमच्याइतकी स्वच्छ शीट मी आजतागायत पाहिली नाही. मॅचच्या चार भागांपैकी पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा. बास्केट झाली की शीटवर छापलेल्या गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ, शेजारी खेळाडूचा नंबर. लांबून मारलेली, तीन गुणांची असेल तर त्या नंबरभोवती गोल. फ्री थ्रो, फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, म्हणजे भरीव ठिपका. रेघ टेकवून झाली की डोळे पुन्हा कोर्टवर. मी कागदाकडं बघत राहिले की टेबलाखालून तुमची चप्पल लागायची पायाला, चांगल्या पायाला, हे कबूल करते.

२०१७ च्या जुलैमधली ती संध्याकाळ तुमच्या लक्षात असणारच. बेंगळुरूला महिलांचा आशिया कप, आपण खालच्या बी डिव्हिजनमध्ये, आणि फायनल कझाकस्तानशी. उद्यान एक्सप्रेसनं जायचा बेत घरच्यांनी हाणून पाडला, म्हणून आम्ही सगळ्या तुमच्या स्वयंपाकघरात. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला, आणि तुम्ही समोर शीट पसरून बसलेल्या, जणू फिबानंच, बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, नेमणूक केलीय. नेट अडकायचं. नंबर दिसला नाही की तुम्ही पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढायचात, अंदाजानं आकडा कधी टाकला नाहीत. ७५-७३. आम्ही उड्या मारत होतो आणि तुम्ही बेरीज तपासत होता. बेरीज जुळल्यावर म्हणालात, "एका बास्केटचा फरक. आता वरच्या डिव्हिजनमध्ये जपान भेटेल, कोरिया भेटेल, तयार राहा."

त्या दिवसापासून मला संघाचा इतिहास कळायला लागला, कारण तुम्ही तो सांगायला लागलात. १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सुमन शर्मा. केरळची गीतू ॲना जोस, चेन्नईला दक्षिण रेल्वेकडून खेळलेली. २०११ मध्ये ती अमेरिकेत डब्ल्यूएनबीएच्या, तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, चाचणीपर्यंत जाऊन आली. रेल्वेचं नाव आलं की तुमची मान जरा ताठ व्हायची, काका रेल्वेतले ना! चेन्नईची अनिता पॉलदुराई, बाळंतपणानंतर पुन्हा भारताकडून उतरलेली, पुढं २०२१ मध्ये पद्मश्री. ही गोष्ट तुम्ही आम्हाला कमी आणि आमच्या आयांना जास्त सांगितलीत, आणि कुणाला सांगायची हे तुम्हाला बरोबर कळत होतं. पुण्याची शिरीन लिमये तर आपलीच. आणि वाराणसीच्या सिंग बहिणी, एका घरातून चौघी भारताच्या संघात! प्रशांतीला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रतिमाच्या लग्नाची बातमी वाचून मी "क्रिकेटर इशांत शर्माची बायको" म्हटलं, तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "इशांत कुणाचा नवरा, ते विचार."

माझे खरे आभार मात्र हरलेल्या मॅचसाठी आहेत. २०१९ मध्ये पुन्हा बेंगळुरूलाच आशिया कप झाला, वरच्या गटात, आणि आपण तळाला राहिलो. २०२१ च्या सप्टेंबरात अम्मानला तेच. जपान तर टोकियो ऑलिंपिकचं रौप्य गळ्यात घालून नुकतंच मोकळं झालेलं. त्यांनी आपल्यावर शंभराच्या वर गुण चढवले. मी मोबाइल बंद करायला निघाले तर तुम्ही हात धरलात. "लिही." शीट भरत गेली तसं जपानच्या बाजूला गोलच गोल दिसायला लागले. उंचीत त्या पोरी काही राक्षस नाहीत, त्या बाहेरून तीनच्या मारतात आणि दमत नाहीत, हे कुठल्या कोचनं नाही, त्या कागदानं मला दाखवलं. दुसऱ्या दिवशीपासून मी आमच्या शाळेच्या पोरींच्या शीटवर गोल मोजायला लागले. तोवर मी फक्त कोण जिंकलं ते बघायचे.

लोक विचारतात, आपल्या मुली ऑलिंपिकला का नाहीत? १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल आहे आणि आपण तिथं एकदाही पोचलो नाही. यावर तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत. जिल्ह्याच्या मॅचला ऐन उन्हात टेबल मांडून, चोवीस सेकंदांचं घड्याळ (तेवढ्यात संघानं शॉट घ्यायचा असतो) बंद पडलं तर हातातल्या स्टॉपवॉचवर काम भागवणारं माणूस मी तरी एकच पाहिलं.

माझा पाय नीट झाला, पण पूर्वीसारखी उडी काही आली नाही. आता पंच म्हणून परीक्षा दिलीय, सुटीच्या दिवशी टेबलही सांभाळते. मुलींचे सामने आधी ठेवून, मुलांचे आले की कोर्ट रिकामं करायला लावणाऱ्या आयोजकांशी भांडते. हे भांडणही तुमच्याकडूनच शिकले, आवाज न चढवता, पेन बंद करून बसायचं.

एक काम आहे. शीटच्या मागं तुम्ही चिकटवलेली पेपरातली कात्रणं आणि त्या जाड वह्या पिंपरीच्या माळ्यावर असतील. रद्दीत देऊ नका. पुढच्या महिन्यात हुतात्मा एक्सप्रेसनं येते, तुमच्यादेखत स्कॅन करून परत ठेवते. काकांना नमस्कार सांगा आणि सूनबाईंना म्हणावं, जेवायला थांबणार आहे.

तुमची,
टेबलवरची दुसरी
सोलापूर