ती सुट्टी साहेबाची नव्हे, गिरणी कामगाराची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनमधील खेड्यांतले बालपण आणि तिथल्या समुद्रकाठच्या सुट्ट्या यांच्या आठवणींवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर, साहेबाच्या सुखाचे हे कौतुक कोल्हापूरकरांनी कशासाठी वाचायचे, असा आक्षेप एका वाचकाने याच स्तंभातून घेतला आहे. आक्षेपामागचा राग मी समजू शकतो. परंतु ज्याच्यावर हा राग आहे तो साहेब मुळात या आठवणींत नाहीच. आपल्याकडे आलेला साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला नाहीतर माथेरानला जाऊन राहत असे. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी वाळूत बादली आणि फावडे घेऊन बसल्याच्या आठवणी आज ऐंशी-नव्वदीतले जे म्हातारे सांगतात, त्यांतल्या कितीतरी जणांचे आईबाप लँकशायरच्या सूतगिरण्यांत आणि मागांवर राबणारे होते. इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्या आपणा मंडळींना तरी हा फरक लवकर कळायला हवा.

या सुट्टीची घडण समजून घेण्यासारखी आहे. लँकशायरमधील गावोगावच्या चर्चला एखादा संत असे, त्याच्या उत्सवाच्या आदल्या रात्री जागर होई आणि दुसऱ्या दिवशी जत्रा भरे. पुढे गावांची गिरण्यांची शहरे झाली, तरी लोकांनी जत्रेचे दिवस सोडले नाहीत. त्या दिवसांत कामावर माणसेच येत नाहीत म्हटल्यावर मालकांनी गिरण्या बंद ठेवायला सुरुवात केली आणि तेवढ्या अवधीत बॉयलर साफ करणे, यंत्रे दुरुस्त करणे ही कामे उरकून घेतली. यातून ‘वेक्स वीक’ची, म्हणजे जागराच्या आठवड्याची, प्रथा रूढ झाली. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, बोल्टनचा वेगळा, बर्नलीचा वेगळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकेका शहराची पाळी येई, धुराडी थंड होत आणि अख्खे शहर रेल्वे स्थानकाकडे लोटे. किनाऱ्यावर पोचल्यावरही शेजारी तेच आणि गल्लीतली माणसे तीच. मात्र या आठवड्याचा पगार कोणी देत नसे. कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बचत मंडळात टाकीत आणि सुट्टीच्या तोंडावर ते एकरकमी उचलीत. पगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला आणि लगेचच युद्ध आल्याने त्याचा खरा लाभ लोकांना १९४५ नंतरच मिळाला. सुट्टीतल्या आठवड्याचाही पगार घरात आलेला पाहणारी कामगारांची मुले, ती हीच पिढी.

ब्लॅकपूलपर्यंत रेल्वे १८४६ साली पोचली. तिथला ५१८ फूट उंचीचा मनोरा १८९४ साली, पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन उभा राहिला, आणि गाडीच्या खिडकीतून तो आधी कोणाला दिसतो यावर मुलांची चढाओढ लागे. उतरण्याची सोय घरगुती खानावळींत असे आणि तिथली मालकीण हे या आठवणींतले सर्वांत ठसठशीत पात्र आहे. जुन्या पद्धतीत कुटुंबाने आपला शिधा आपणच आणायचा आणि मालकिणीने तो ज्याचा त्याला वेगळा शिजवून द्यायचा, असा व्यवहार असे. शिधा बांधून जोतिबाला जाणाऱ्या आणि पुजाऱ्यांच्या घरी उतरणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना त्यात काहीही परके वाटले नसते. पुढे जेवणासह खोली देण्याची पद्धत आली, तेव्हा सकाळची न्याहारी झाली की सर्वांनी बाहेर पडायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत फिरकायचे नाही, असा दंडक आला. मग बाहेर पाऊस असो की बोचरा वारा. टेबलावरच्या मीठ-मिरपुडीचे पैसे वेगळे लावणाऱ्या मालकिणींवर तर तिकडे विनोदांचा मोठा साठा आहे. इंग्लंडच्या उन्हाळ्यात पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या एखाद्या छपराखाली ओल्या कोटांत दाटीवाटीने बसून सँडविच खाणारे कुटुंब हे त्या सुट्टीचे नेहमीचे चित्र असे. मला त्या आठवणी खऱ्या वाटतात, त्या अशाच तपशिलांमुळे.

मुलांच्या जिभेवर राहिलेली वस्तू म्हणजे ‘रॉक’ नावाची साखरेची कांडी. ती कुठेही मोडली तरी मोडलेल्या तोंडावर गावाचे नाव वाचता येते. कढवलेला पाक घट्ट होत आलेला पण अजून गरम असताना त्याच्या रंगीत पट्ट्यांतून एकेक अक्षर जाडजूड आकारात रचायचे, अक्षरांच्या मध्ये आणि भोवती ओढून ओढून पांढरा केलेला पाक भरायचा, वरून गुलाबी थर गुंडाळायचा आणि मग तो सारा ओंडका लाटत-ओढत बोटाएवढा करायचा, म्हणजे आतली अक्षरेही त्याच प्रमाणात बारीक होत जातात. गुळाच्या गावात राहणाऱ्याला या कसबाचे अप्रूप वाटणारच. पण त्या कांडीची चव सत्तर वर्षे का टिकली, याचे उत्तर कसबापेक्षा रेशनिंगमध्ये सापडते. युद्धात गोळ्या-चॉकलेटांवर लागू झालेले रेशनिंग तिकडे फेब्रुवारी १९५३ मध्ये उठले. युद्धाच्या शेवटी-शेवटी जन्मलेल्या मुलाने तोवर दुकानात जाऊन हवा तेवढा खाऊ विकत घेणे ही गोष्ट जवळजवळ अनुभवलीच नव्हती.

वाळूतली गाढवावरची रपेट आणि पंच-जूडीच्या बाहुल्यांचा खेळ यांचाही उल्लेख त्या आठवणींत हटकून येतो. पंचचा खेळ लंडनमध्ये पाहिल्याची नोंद सॅम्युएल पेप्स या इंग्रज रोजनिशीकाराच्या वहीत १६६२ साली सापडते. पुढे सुट्टीवाल्यांच्या मागोमाग तो किनाऱ्यावर गेला आणि तिथे तगला. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांना असा दरवर्षीचा हुकमी प्रेक्षक मिळाला असता, तर त्यांची परवड टळली असती, असे जाता जाता नोंदवतो.

खेड्यांतल्या आठवणींकडे मात्र अधिक सावधपणे पाहायला हवे. केंट परगण्यात बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींची तोडणी सप्टेंबरच्या सुमारास चाले आणि पूर्व लंडनमधील कष्टकऱ्यांची बायकामुले दरवर्षी त्या कामाला जात. राहायला पत्र्याच्या नाहीतर लाकडी खोपी, झोपायला पेंढ्याच्या गाद्या, उघड्यावरची चूल आणि दिवसभर तोडणी. पुरुषमंडळी शनिवार-रविवारी भेटून जात. मुलांची शाळा बुडे ती बुडेच. १९५० आणि १९६० च्या दशकांत तोडणीची यंत्रे आली आणि ही रीत संपली. लहानपणी तिथे गेलेल्या कितीतरी बायका आज त्या दिवसांना आयुष्यातली सर्वांत चांगली सुट्टी म्हणतात, आणि लंडनमधल्या त्यांच्या कोंदट खोल्या लक्षात घेतल्या तर त्यांचे म्हणणे खोटेही नाही. तरीपण ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या मुलांना रोज पाहणाऱ्या आपल्या भागातील वाचकाने अशी आठवण वाचताना तोडणीची मजुरी काय मिळत होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिकडच्या सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना १८६२ पासून रोजनामा लिहिणे बंधनकारक होते. कापणी, बटाटे काढणी, शेतातले दगड वेचणे या कामांसाठी वर्ग कसे ओस पडत, हे मास्तरांनी त्यांत नोंदवून ठेवले आहे. आठवणीतले सोनेरी शेत आणि रोजनाम्यातली गैरहजेरी एकमेकांशेजारी ठेवली, म्हणजे त्या खेड्याचा अंदाज येतो.

या सगळ्याचा शेवट फारसा लांबवण्याची गरज नाही. तोट्यातल्या ब्रिटिश रेल्वेविषयीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ रेल्वे स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यांत कितीतरी खेड्यांची आणि किनाऱ्यावरच्या लहान गावांची गाडी गेली. त्याच सुमारास स्पेनच्या उन्हात स्वस्तात नेणाऱ्या सहली निघाल्या, गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या आणि वेक्स वीकला अर्थ उरला नाही.

आक्षेप घेणाऱ्या वाचकाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. लँकशायरच्या कापडाने आपल्या विणकरांचे हातमाग बंद पाडले, हे त्या सुट्ट्यांविषयी वाचतानाही विसरता येणार नाही. पण याच प्रश्नावर १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी स्वतः लँकशायरमधील डार्वेनला गेले, स्वदेशीच्या चळवळीमुळे ज्यांच्या कामावर गदा आली होती त्या गिरणी कामगारांना भेटले, आणि तिथल्या कामगार स्त्रियांनी त्यांच्याभोवती हसत-खिदळत केलेल्या गर्दीचे छायाचित्र जगभर पोचले. सत्ताधारी साहेब आणि राबणारा कामगार यांच्यातला जो भेद गांधीजींना करता आला, तो एक लेख वाचताना आपल्याला करायला हरकत नसावी.

आता त्या लेखातून मला जे हवेसे वाटले, त्याबद्दल. ब्रिटनमध्ये साध्या माणसांच्या आठवणी गोळा करण्याचे काम अनेक पिढ्या चालत आले आहे. १९३७ साली सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या लोकजीवन टिपणाऱ्या उपक्रमाच्या निरीक्षकांनी बोल्टनच्या कामगारांचे रोजचे जगणे टिपले आणि सुट्टीत त्यांच्या मागोमाग ब्लॅकपूलही गाठले. महिला मंडळांच्या तिथल्या संघटनेने १९६५ साली आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गावोगावच्या बायकांकडून त्या वर्षातल्या गावच्या जगण्याच्या चिकटवह्या तयार करून घेतल्या. २००३ ते २००६ या काळात बीबीसीने युद्धकाळाविषयी सुमारे ४७ हजार आठवणी जमवल्या, आणि त्यांत बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी खेड्यांत पाठवलेल्या शहरी मुलांच्याही पुष्कळ आहेत.

आपल्याकडे हे काम कोण करणार? शाहू मिल १९०६ साली उभी राहिली. तिच्या भोंग्यावर ज्यांच्या घराचे घड्याळ चालले ते कामगार आता थकले आहेत. त्यांना सुट्टी मिळाली तर ते कुठे जात, हे कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मे महिन्यात मामाच्या गावाला जाणे, त्र्यंबोलीची जत्रा, बेंदराला बैलांची मिरवणूक, गुऱ्हाळावरची गरम काकवी, या गोष्टी आपण भाषणांत आळवतो. पण सुट्टीत मामाच्या घरी स्वयंपाकघरातून बाहेर पडायला न मिळालेल्या मामीची आठवण त्यात नसते, आणि गावच्या ज्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो तिच्यात उतरायला कोणाकोणाला मज्जाव होता, हेही कोणी सांगत नाही. समुद्राचेही असेच. कोल्हापूरपासून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटरवर आहे, तरी माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो कॉलेजात गेल्यावर किंवा लग्नानंतर पाहिला. मिरजेहून १८९१ साली आलेली रेल्वे कोल्हापुरात थांबली ती थांबलीच. कोकणात उतरणाऱ्या वैभववाडीच्या रेल्वेमार्गाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. घाटावरचा गूळ खाली जात होता आणि कोकणातले मीठ, सुकी मासळी वर येत होती, पण ती बैलगाड्यांतून. मँचेस्टरच्या कामगाराच्या मुलाला समुद्र आपल्याहून कितीतरी आधी दिसला, त्याचे कारण एवढे सरळ आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, आपण साठीपलीकडच्या वाचकांकडून अशा आठवणी मागवाव्यात आणि त्या मागवताना काही प्रश्न छापावेत: प्रवास कोणत्या घाटातून आणि कशाने केला, एसटीचे भाडे किती पडले, पैसे कोणी आणि कसे जमवले, मुक्काम कोणाकडे होता, रांधले कोणी, आणि घरातले कोण मागे राहिले. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांकडे आणि शाहू मिलच्या निवृत्तांकडे आपल्या प्रतिनिधीने मुद्दाम जावे, कारण ते स्वतःहून पत्र लिहिणार नाहीत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचे सांगणे उतरवून घेण्याची तयारी आमच्या परिचयातील काही निवृत्त शिक्षकांनी दाखवली आहे. आपला होकार आला की येत्या दिवाळीपूर्वी मंगळवार पेठेपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर