कणकवलीच्या स्पेअरपार्टवाल्या काकांना, एका वायसरबद्दल

काकांनू नमस्कार,

तुम्हाला मी आठवणार नाही, दिवसभर काउंटरवर माणसांची रांग असते तुमच्या. मी तो देवगडचा, एप्रिलमध्ये भर दुपारी येऊन "इंजिनखालचं ऑइलचं चेंबर बदलायला किती खर्च येईल" असं विचारणारा. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "आधी गाडी दाखव."

झालं असं होतं की मी घरीच ऑइल बदललं, व्हिडिओ बघून, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रेन बोल्टखाली, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टखाली, थेंब. अंगणातल्या जांभ्यावर काळा डाग, आई रोज सकाळी त्यावर राख टाकायची आणि मला ऐकवायची. मी काय केलं तर रोज थोडा थोडा बोल्ट आवळला. मग सिलिकॉन लावलं. मग परत आवळला. तरी थेंब आहेच, म्हणून वाटलं आटे गेले, आता चेंबरच गेलं.

तुम्ही गाडी मागच्या पडवीत घ्यायला लावलीत, इंजिन थंड होईपर्यंत चहा पाजलात, आणि "नवीन ऑइल आसा, फुकट कित्याक घालवतंस" म्हणत धुतलेल्या डब्यात काढून घेतलंत. बोल्टबरोबर त्याच्या डोक्याखाली मी घातलेली नवीन चकती, म्हणजे वायसर आला, त्याला चिकटून सिलिकॉनचे तुकडे. ते बोटावर घेऊन दाखवलंत की हेच आत गेलं की जाळीत बसतं आणि ऑइलची वाट अडते. मला तेव्हाच लाज वाटली. पण खरी गंमत पुढे, तुम्ही खाली वाकून बॅटरी मारलीत, बारीक स्क्रूड्रायव्हरने चेंबरचा तोंडाकडचा कडा हळूच उचकटलात आणि टिच् करून एक चपटी चकती पडली. जुना वायसर! तो चेंबरलाच चिकटून बसलेला, मला वाटलं ते चेंबरचंच आहे, आणि मी त्याच्यावर नवीन चढवलेला. वर तो नवीन चौदा मिलिमीटरचा, माझा बोल्ट बाराचा. तुम्ही व्हर्निअरनं माप घेऊन दाखवलंत तेव्हा तो बोल्टवर बांगडीसारखा हलत होता, एका बाजूला सरकून बसला की दुसरीकडून ऑइल येणारच.

आटे शाबूत होते. मी जेवढं आवळलं होतं त्या मानानं नशीबच म्हणायचं.

मग तुम्ही काउंटरवर तीन वायसर ठेवलेत ते अजून डोळ्यासमोर आहेत. ॲल्युमिनियमचा, तांब्याचा, आणि लोखंडी कड्याला आतून रबर चिकटवलेला, ज्याला तुम्ही डाउटी म्हणता. तुमचं म्हणणं असं की ऑइल आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो, मऊ धातू दाबला जाऊन बारीक चरे भरून काढतो म्हणून. एकदा दाबला की तो कडक आणि चपटा होतो, परत तोच घातला की माणूस जास्त आवळतो आणि मग आटे जातात. तांब्याचा लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत मऊ पडतो, पण ॲल्युमिनियमचा तसा करायला जाऊ नको, ते 660 अंशाला वितळतं आणि आधी लालही दिसत नाही. मी विचारलं तांब्याचाच द्या ना मग, टिकेल. तर तुम्ही विचारलंत गाडी कुठे उभी असते. म्हटलं जेटीवर. "मग नको," म्हणालात, खारं पाणी मध्ये आलं की तांब्याशेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तुझं चेंबर ॲल्युमिनियमचं. हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. डाउटी पण चांगला, जास्त आवळावा लागत नाही, फक्त रबर फाटलं की बदलायचा, पण कंपनीनं ॲल्युमिनियमचा दिलाय तर तोच घाल, दर ऑइलला नवा. बास.

बसवलातही तुम्हीच. तोंड फडक्यानं पुसून, बोल्ट आधी हातानं शेवटपर्यंत फिरवून, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर आला की कट् वाजणारा पाना, माझ्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर लावून. कट् वाजलं आणि मी सवयीनं हात पुढे केला तर "आता हात लावायचो नाय" असं ओरडलात की बाहेरचं गिऱ्हाईक पण दचकलं.

चेंबर विकून हजारोंचं बिल करता आलं असतं, तुम्ही तीन ॲल्युमिनियमच्या वायसरचे पैसे घेतलेत. गाडी त्यानंतर नांदगाव-शिरगाव करत कितीदा गेली-आली, पावसाळाही काढला, अंगणात डाग नाही. आई राख आता परत भांड्यांनाच वापरते.

उरलेले दोन वायसर डब्यात आहेत, बाराचे, वर पेननं लिहून ठेवलंय. आणि सुटे नव्हते म्हणून तुमचे चार रुपये राहिलेत, ते घेऊन येतो पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
देवगडचा चेंबरवाला