म्हापशातल्या दुरुस्तीवाल्या भावाला, देव बरें करूं

चोडण-रायबंदर फेरीबोटीत चढताना माझी पर्स मांडवी नदीत पडली. खलाशाने लांब काठीने ती ओढून काढली (त्याचेही आभार, घाईत मानायचे राहूनच गेले), पण आतला पेनड्राईव्ह खाऱ्या पाण्यात चिंब भिजला होता. त्यात बाबांच्या भजनांचं रेकॉर्डिंग. बाबा आता नाहीत आणि दुसरी प्रतही नाही. आळस माझाच.

घरी सगळे म्हणाले, तांदळात ठेव. म्हापशातल्या या भावाने फोनवरच दटावलं, "तांदूळ मीठ काढतो काय? लॅपटॉपला लावू नका, तसाच घेऊन या." त्याने कवच उघडलं, आतली पट्टी डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, मऊ ब्रशने हिरवट गंज काढला. दोन दिवस सुकवून सुटलेला सोल्डरचा टाका पुन्हा जोडला. चिप शाबूत होती. आधी सगळ्याची प्रत केली, मगच फाईल उघडली.

बाबांचा आवाज आला तसा तो काही न बोलता उठला, घरघरणारा पंखा बंद केला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. अभंग संपेपर्यंत आत आला नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही बाहेरच थांबवलं.

पैसे घेतले ते फक्त टाक्याचे.